टर्बो की साधं इंजिन? सहा हजार फुटांवरच्या एका दोन आसनी विमानाचं प्रकरण

विमान दोन आसनी, पूर्ण धातूचं, खालच्या पंखाचं. किट आणून मालकांनी स्वतः बांधायला घेतलेलं. पंख आणि शेपूट तयार होती, फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, स्वतःच्या चाकांवर उभं होतं आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) पुढे काय बसवायचं हे ठरवायची वेळ आली होती. किट देणाऱ्यांनी 160 ते 200 अश्वशक्तीची इंजिनं चालतील असं लिहिलेलं. मालकांच्या मनात लायकमिंगचं 180 अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, आणि त्यावर टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र.

टर्बोची इच्छा हौसेतून आलेली नव्हती. त्यांची धावपट्टी समुद्रसपाटीपासून 6,000 फुटांवर आहे. चहूकडे डोंगर, आणि नेहमीच्या वाटेवरची खिंड साडेदहा हजार फुटांची. उन्हाळ्यात दुपारी पारा 30 अंशांवर जातो. बहुतेक उड्डाणं दोन माणसं आणि थोडं सामान घेऊन, 300 नॉटिकल मैलांच्या आसपासची. अशा ठिकाणी साध्या, म्हणजे टर्बोशिवाय स्वतःच हवा ओढणाऱ्या (नॅचरली ॲस्पिरेटेड) इंजिनावर विसंबावं का, हा प्रश्न रास्तच होता. त्यांच्यासोबत बसून मी जो हिशेब केला, तो इथे जसा झाला तसा मांडतो. अशा बहुतेक चर्चा "टर्बोने किती ताकद वाढते" इथेच अडकतात आणि एअरफ्रेमकडे, म्हणजे विमानाच्या सांगाड्याकडे, कुणी बघतच नाही, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

उंचीवर साधं इंजिन काय गमावतं

समुद्रसपाटीवर प्रमाण हवेचा दाब 29.92 इंच पारा असतो. 6,000 फुटांवर तो 24 इंचांच्या आसपास येतो, 12,000 वर 19 आणि 18,000 वर 15. साध्या इंजिनाला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, बाहेरच्या दाबापेक्षा जास्त दाब मिळूच शकत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा, तरी जेवढी हवा बाहेर आहे तेवढीच आत येणार. शिवाय इंजिनाचं स्वतःचं घर्षण उंचीवर कमी होत नाही, त्यामुळे ताकद घनतेपेक्षाही थोडी जास्त घटते.

उन्हामुळे यात भर पडते. 6,000 फुटांवर प्रमाण तापमान साधारण 3 अंश. पारा 30 वर असेल तर फरक 27 अंशांचा, आणि प्रत्येक अंशामागे डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या घनतेवरून ठरणारी उंची, सुमारे 120 फुटांनी वाढते. म्हणजे विमानाच्या दृष्टीने ही धावपट्टी 9,200 फुटांवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांश, आणि 180 अश्वशक्तीचं इंजिन जेमतेम 130 देतं.

पन्नास अश्वशक्ती गेल्या, हे ऐकलं की माणूस टर्बोकडे वळतो. टर्बोचा जन्मही याच दुखण्यातून झाला. 1918 मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीक या सुमारे 14,000 फुटी शिखरावर नेऊन चालवलं. खाली 350 अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर 230 वर आलं होतं, आणि टर्बो जोडल्यावर पुन्हा 350 च्या वर गेलं. वाया जाणाऱ्या एक्झॉस्टवर टर्बाइन फिरवायची आणि तिच्याच दांड्यावरच्या कॉम्प्रेसरने पातळ हवा दाबून आत घालायची, ही कल्पना शंभर वर्षांनंतरही तीच आहे.

दोन प्रकारचे टर्बो

मालक सुरुवातीला सरसकट "टर्बो" म्हणत होते. त्यात फोड करणं गरजेचं होतं. पहिला प्रकार टर्बो-नॉर्मलाइझिंगचा. यात मॅनिफोल्डचा दाब समुद्रसपाटीइतका, म्हणजे 30 इंचांपर्यंतच ठेवायचा. वर गेलं तरी इंजिनाला आपण खालीच आहोत असं वाटत राहतं, एवढाच हेतू. दुसरा प्रकार बूस्टचा. यात दाब 30 च्या पुढे नेऊन तेवढ्याच सिलिंडरांतून जास्त ताकद काढायची. दुसऱ्या प्रकारात डिटोनेशनचा, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण स्फोटासारखं एकदम पेटण्याचा, धोका वाढतो, म्हणून कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) उतरवावा लागतो. कॉन्टिनेंटलचं साधं आयओ-550 साडेआठला एक या रेशोचं आहे आणि त्याचं टर्बो भावंड टीएसआयओ-550 साडेसातला एकचं. सिरस एसआर22 या विमानाच्या इतिहासात दोन्ही वाटा दिसतात: आधी एसआर22टीएन मध्ये साडेआठच्या इंजिनावर टर्बो-नॉर्मलाइझिंग, नंतर एसआर22टी मध्ये साडेसातचं टीएसआयओ-550.

मालकांच्या हाती असलेलं इंजिन साडेआठला एकचं. त्यावर बूस्ट करायचा विचार पहिल्याच बैठकीत सोडून दिला. राहिलं टर्बो-नॉर्मलाइझिंग.

धावपट्टी आणि चढण

विमानाचं पूर्ण वजन 815 किलो. किट देणाऱ्यांचे आकडे असे, की 180 अश्वशक्तीवर समुद्रसपाटीला पूर्ण वजनात ते मिनिटाला 1,900 फूट चढतं आणि 200 मीटरच्या आसपास धावून जमीन सोडतं. या आकड्यांवरून 9,200 फूट डेन्सिटी अल्टिट्यूडचा अंदाज काढला. कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलर (पात्यांचा कोन, म्हणजे पिच, बदलून फेरे स्थिर ठेवणारा) धरला आहे. ठरावीक पिचचा प्रोपेलर उंचीवर टर्बोसोबत नीट जुळत नाही, आणि साध्या इंजिनालाही उंच धावपट्टीवर तो उड्डाणाच्या वेळी अडवतो.

साधं इंजिन: धाव साधारण 1.8 पट, म्हणजे 360 मीटर. चढण मिनिटाला हजार फुटांच्या थोडी वर.

टर्बो-नॉर्मलाइझ्ड: धाव 1.4 पट. चढण 1,650 फूट. पूर्ण 180 अश्वशक्ती इथे मिळत नाहीत, कारण दाबलेली हवा तापते. ते पुढे येईलच.

धावपट्टी 1,400 मीटरची आहे. 360 मीटर धावणाऱ्या विमानाला तिथे काहीच अडचण नाही. मिनिटाला हजार फूट ही चढणही तक्रार करण्यासारखी नाही. भाड्याने मिळणारी कितीतरी चार आसनी विमानं समुद्रसपाटीवर थंड सकाळी एवढी चढत नाहीत. हा आकडा कागदावर आला तेव्हा मालक बराच वेळ त्याकडे बघत बसले. "पन्नास अश्वशक्ती गेल्या" या वाक्याने डोक्यात जे चित्र उभं केलं होतं, ते आणि हा आकडा जुळत नव्हते. जुळणार कसे? हे विमान वजनाच्या मानाने मुळातच भरपूर ताकदीचं आहे. ताकद वापरात किती आणि शिल्लक किती, यावर चढण ठरते, आणि इथे शिल्लक मोठी आहे.

खिंडीचा प्रश्न जास्त कठीण होता. तिथे मालकांच्या बाजूने खरं बोलणारा आकडा निघाला. उन्हाळ्याच्या दिवशी खिंडीवर पुरेशी उंची ठेवून, म्हणजे 12,000 फुटांवर, डेन्सिटी अल्टिट्यूड साडेपंधरा हजारांच्या आसपास जाते. साध्या इंजिनाची चढण तिथे मिनिटाला 570 फूट. टर्बोची 1,500. डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा मिनिटाला हजार फुटांनी खाली येऊ शकते. 570 वाला अशा हवेत खालीच जाणार. 1,500 वाला निदान वर राहील. हा फायदा खरा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. फक्त एवढंच म्हणेन, की रिज, म्हणजे डोंगराची धार, ओलांडताना 45 अंशांत जाणं, माघारी वळायला जागा ठेवणं आणि दुपारचा जोराचा वारा असेल तर न जाणं, हे दोघांनाही पाळावंच लागतं. डोंगरातली खाली येणारी हवा 1,500 लाही जुमानत नाही असे दिवस असतात.

जिथे गणित फिरलं: खरा वेग आणि व्हीएनई

यानंतर क्रूझचा, म्हणजे उंची गाठल्यावरच्या सरळ उड्डाणाचा, हिशेब. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे.

75 टक्के ताकदीवर 8,000 फुटांवर विमान ट्रू एअरस्पीड, म्हणजे हवेतला खरा वेग, 164 नॉट (तासाला नॉटिकल मैल) देतं. साधं इंजिन 12,000 फुटांवर पूर्ण थ्रॉटलला 65 टक्के देईल. हवा पातळ असल्याने अडथळाही कमी, म्हणून वेग 161 च्या आसपास टिकतो, आणि इंधन तासाला साधारण 31 लिटर. टर्बो 18,000 फुटांवरही 75 टक्के देतो. तिथे वेग 178 ते 180 नॉट, इंधन 40 लिटरच्या आसपास, कारण टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूचं तापमान आवरायला मिश्रण थोडं दाट ठेवावं लागतं.

300 नॉटिकल मैलांच्या प्रवासात, वर चढण्याचा वेळ धरून, फरक दहा मिनिटांचा. त्यासाठी दहाएक लिटर इंधन जास्त, आणि दोघांच्या नाकाला ऑक्सिजनच्या नळ्या. अमेरिकी नियमांचाच दाखला घ्यायचा तर केबिनची उंची 14,000 फुटांच्या वर असताना वैमानिकाने सतत ऑक्सिजन घ्यावा लागतो, 12,500 च्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिलं तरी घ्यावा लागतो, आणि 18,000 पासून इन्स्ट्रुमेंट (उपकरणांच्या आधारे उडण्याच्या) नियमांखालीच उडता येतं.

पण खरा मुद्दा दहा मिनिटांचा नाही. या एअरफ्रेमची व्हीएनई, म्हणजे कधीही न ओलांडायचा वेग, 200 नॉट आहे, आणि ती ट्रू एअरस्पीडमध्ये पाळायची आहे. कारण फ्लटर. पंख किंवा शेपटीचे पृष्ठभाग स्वतःच्या लवचिकपणामुळे थरथरू लागतात आणि हवा त्या थरथरीला ऊर्जा पुरवत जाते, ही क्रिया बऱ्याच अंशी खऱ्या वेगावर अवलंबून असते. वर पातळ हवेत थरथर शमवणारं डॅम्पिंगही कमी. व्हॅन्स एअरक्राफ्टने आपल्या आरव्ही विमानांसाठी व्हीएनई ट्रू एअरस्पीडमध्येच धरायची असं स्पष्ट सांगितलं आहे, आणि हा सल्ला त्यांच्यापुरता मर्यादित मानायचं कारण नाही.

आता एअरस्पीड इंडिकेटर काय दाखवतो ते बघा. तो हवेचा दाब मोजतो, खरा वेग नाही. 18,000 फुटांवर 179 नॉट ट्रू असताना काटा 135 वर असतो. लाल रेघ 200 वर रंगवलेली. वैमानिकाला वाटतं हाताशी 65 नॉट आहेत. खरं तर त्या उंचीवर 200 नॉट ट्रू म्हणजे 151 नॉट इंडिकेटेड, म्हणजे काट्यावर दिसणारे. शिल्लक फक्त सोळा.

पुढे उतरायला सुरुवात करा. ताकद तशीच ठेवून मिनिटाला 500 फूट, म्हणजे प्रवाशांच्या कानाला त्रास होऊ नये एवढं सौम्य उतरणं. गुरुत्वाकर्षण जणू आणखी 25 अश्वशक्ती प्रोपेलरमागे लावतं, आणि वेग 192 नॉट ट्रूपर्यंत जातो. काटा अजून 145 वर. त्यात डोंगराजवळची खळबळती हवा. लाल रेघेपासून कितीतरी दूर असल्याच्या भावनेत विमान व्हीएनईला टेकलेलं असतं.

साध्या इंजिनाबाबत ही अडचण स्वभावतःच मर्यादित राहते. इंजिन वर जाता जाता दमतं आणि एअरफ्रेमला तिच्या मर्यादेपर्यंत नेण्याइतकी ताकद त्याच्यात उरत नाही. किट बनवणाऱ्यांनी 160 ते 200 अश्वशक्ती असं लिहिलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर हेच दमणारं इंजिन होतं. 18,000 फुटांवर 135 अश्वशक्ती देणारं इंजिन हे एअरफ्रेमच्या दृष्टीने वेगळंच इंजिन आहे, त्यावर 180 लिहिलेलं असलं तरी.

"मग 12,000 च्या वर जाणारच नाही," हे मालकांचं उत्तर. चांगला मुद्दा. 12,000 फुटांवर 75 टक्क्यांनी 169 नॉट मिळतात, साध्याचे 161. प्रवासात पाच मिनिटं. म्हणजे टर्बोचा उपयोग उरतो फक्त उड्डाणाला आणि खिंडीत. तेवढ्यासाठी काउलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाखाली, काय काय आणावं लागेल, ते बघायचं ठरलं.

काउलिंगखाली

उष्णता हा टर्बोचा सोबती आहे, त्याला वेगळं काढता येत नाही. हवा दाबली की तापते. 18,000 फुटांवर बाहेर उणे 21 अंश असताना दाब दुप्पट करायचा, तर 65 टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून हवा 64 अंशांवर बाहेर पडते. तशीच सिलिंडरमध्ये गेली तर 30 इंच दाब दिसूनही तिची घनता समुद्रसपाटीच्या 85 टक्केच, आणि डिटोनेशन जवळ येतं. चांगला इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) हीच हवा 13 अंशांपर्यंत आणू शकतो. म्हणजे साडेआठच्या कॉम्प्रेशनवर इंटरकूलर ऐच्छिक राहत नाही.

इंटरकूलरला हवा हवी, म्हणजे काउलिंगला आणखी एक तोंड. सिलिंडरांच्या बॅफलमधून (हवा वळवणाऱ्या पत्र्यांमधून) जाणारी हवा आधीच मोजकी. 18,000 फुटांवर इंजिन 75 टक्क्यांची उष्णता टाकतं आणि ती वाहून न्यायला हवा मात्र जवळजवळ निम्म्या घनतेची. बाहेर थंडी असते हे खरं, पण ती पूर्ण भरपाई करत नाही. लांब चढणीत, वेग कमी आणि ताकद पूर्ण असताना, सिलिंडर हेडचं तापमान कुठे जाईल हे या काउलिंगबाबत कुणीच तपासलेलं नव्हतं. कारण हे काउलिंग टर्बोसाठी आखलेलंच नव्हतं.

टर्बोची जागा खाली, तेलाच्या पात्राच्या पातळीच्या आसपास येणार. मग त्यातून परत येणारं तेल आपोआप वाहत नाही, वेगळा स्कॅव्हेंज पंप लागतो. लाल होणाऱ्या टर्बाइनच्या कवचाजवळून ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या जाऊ नयेत, वायरिंगला ढाल हवी, फायरवॉलच्या त्या भागाला आणखी एक पत्रा हवा. नेहमीचे मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज बनवणारे) उंचीवरच्या पातळ हवेत आतल्या आत ठिणगी टाकू लागतात, म्हणून ते दाबाखाली ठेवावे लागतात. उष्ण इंधन उंचीवर लवकर वाफ धरतं, तेव्हा पंप आणि नळ्यांची मांडणी नव्याने. सगळं मिळून वीस ते पंचवीस किलो, आणि ते सगळं नाकात. पुढचं सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी (गुरुत्वमध्य) आधीच मर्यादेच्या जवळ होतं. एकटा वैमानिक आणि मागे सामान नसताना ते बाहेर जात होतं.

शेवटी वेस्टगेट (टर्बाइनला टाळून एक्झॉस्ट बाहेर सोडणारा झडपेचा दरवाजा). तो हाताने चालवायचा तर प्रत्येक चढणीत लक्ष ठेवून बंद करत जायचं, उतरताना उघडत जायचं, आणि विसरलं तर खाली येऊन थ्रॉटल पुढे ढकलताच मॅनिफोल्ड 30 च्या पार. आपोआप चालणारा कंट्रोलर घ्यायचा तर तो जुळवणं हेच एक काम.

बिघडतं तेव्हा

दोन बिघाडांवर आम्ही बराच वेळ घालवला.

पहिला: कॉम्प्रेसर ते इंजिन यांच्यामधली रबरी नळी निसटली. ही नळी दाबाखाली, उष्णतेत आणि कंपनात असते, आणि एक क्लॅम्प तिला धरून असतो. 18,000 फुटांवर ती निसटली की मॅनिफोल्डचा दाब क्षणात 30 वरून 15 च्या खाली. इंधन मात्र जुन्या दाबाच्या हिशेबाने येत राहतं. मिश्रण इतकं दाट होतं की इंजिन बंद पडतं. वैमानिकाला वाटतं इंजिन संपलं, आणि सवयीने तो बूस्ट पंप (इंधनाचा जादा पंप) लावतो, म्हणजे आणखी इंधन. खरा उपाय उलटा: मिश्रण मागे ओढत राहायचं, इंजिन पुन्हा पकडेपर्यंत. पकडलं की ते साध्या इंजिनासारखं चालतं. हे हातात बसवलेलं असेल तरच घाबरलेल्या क्षणी सुचतं.

दुसरा बिघाड जास्त भीतीदायक आहे. टर्बो आणि टेलपाइप यांना जोडणारी व्ही-बँड कपलिंग तुटली, तर टर्बाइनमधून निघणारा तप्त वायू काउलिंगच्या आत, फायरवॉलवर येतो. 2023 मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेने प्रमाणित टर्बो विमानांवरच्या स्पॉट-वेल्ड केलेल्या, अनेक तुकड्यांच्या अशा कपलिंगना 500 तासांची आयुर्मर्यादा घालून दिली. घरी बांधलेल्या विमानाला तो आदेश थेट लागू होत नाही. धातूला मात्र ते ठाऊक नसतं. टर्बो घेणाऱ्याने ही मर्यादा स्वतःवर लादून घ्यावी, दर वेळी काउलिंग उघडलं की आरसा लावून वेल्ड बघावं, आणि कपलिंग जबरदस्तीने फाकवून पुन्हा वापरू नये.

प्रमाणित विमानात या सगळ्याचा विचार कारखान्याने केलेला असतो आणि शेकडो विमानांनी तो पारखलेला असतो. इथे मालकांना मिळणारा संच त्यांच्या किटवर बसवल्याचा एकही नमुना नव्हता. एक्झॉस्टचे पाईप, इंटरकूलरची नळकांडी, टर्बोला आधार देणारी चौकट, सगळं स्वतः करायचं. म्हणजे एअरफ्रेम नवी, बांधणी नवी, आणि इंजिनाची मांडणीही जगात एकमेव. पहिल्या उड्डाणांच्या काळात यातली एकच गोष्ट नवी असावी, असं माझं ठाम मत आहे.

मग ताकद कुठून आणायची

मालकांची गरज मात्र खरी होती, खिंडीतले 570 फूट त्यांना पुरेसे वाटत नव्हते, आणि मलाही फार आवडले नव्हते. तेव्हा प्रश्न उलटा विचारला: टर्बोचं वजन दुसऱ्या कशावर खर्च केलं तर?

लायकमिंगच्याच 360 मालिकेतलं अँगल-व्हॉल्व्ह (तिरप्या झडपांच्या) सिलिंडरांचं 200 अश्वशक्तीचं इंजिन 180 वाल्यापेक्षा पंधरा-वीस किलोंनी जड असतं. टर्बोच्या संचापेक्षा थोडं कमीच. किट बनवणाऱ्यांच्या मर्यादेत ते बसतं, त्याच्यासाठी काउलिंग आणि माउंट तयार मिळतात, आणि तेच घेऊन उडणारी याच किटची पुष्कळ विमानं आहेत. नाकातलं वजन इथेही वाढतं, पण त्याचा तोडगा किटच्या पुस्तकातच आहे: बॅटरी मागे न्यायची आणि हलका, कंपोझिट पात्यांचा प्रोपेलर घ्यायचा. टर्बोच्या वजनाला हा तोडगा पुरला नसता, कारण इंटरकूलर आणि टर्बो आणखी पुढे आणि खाली बसत होते.

उन्हाळ्यातल्या धावपट्टीवर ते 145 अश्वशक्ती देतं. चढण साधारण 1,250 फूट. खिंडीवर 570 ऐवजी 735. टर्बोच्या 1,500 शी तुलना नाही, हे कबूल. पण हे 735 फूट कोणत्याही नव्या बिघाडाची सोबत घेऊन येत नाहीत. एका बाजूच्या मॅग्नेटोऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घेतलं, कारण कमी मॅनिफोल्ड दाबावर ते ठिणगी अधिक आधी देतं आणि उंचीवरच्या क्रूझमध्ये त्याचा फायदा दिसतो.

निर्णय असा झाला: 200 अश्वशक्तीचं साधं इंजिन, कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलर, आणि उन्हाळ्यात खिंड सकाळीच ओलांडायची. ही शेवटची गोष्ट फुकट मिळते आणि तिने जे साधतं ते काही कमी नाही: 30 ऐवजी 15 अंश तापमान असेल तर डेन्सिटी अल्टिट्यूड 1,800 फुटांनी उतरते.

व्हीएनईचा धडा साध्या इंजिनालाही लागू आहे, म्हणून पॅनलवर एक छोटा तक्ता लावायचं ठरलं: 5,000 फुटांवर 186 नॉट इंडिकेटेड, 8,000 वर 177, 10,000 वर 172, 12,000 वर 166. काचेच्या (डिजिटल पडद्यांच्या) पॅनलमध्ये लाल रेघ उंचीप्रमाणे आपोआप सरकते अशी सोय असेल तर ती सुरू करून, जमिनीवर नाही, हवेत तपासून घ्यायची.

हेच उत्तर कुठे लागू होणार नाही

याच धावपट्टीवर हलकं, सावकाश उडणारं दोन आसनी विमान असतं आणि प्रश्न रोटॅक्सचं साधं 912 यूएलएस की टर्बोवालं 914 असा असता, तर मी टर्बोच्या बाजूने बोललो असतो. 912 यूएलएस समुद्रसपाटीला 100 अश्वशक्ती देतं, उन्हात 6,000 फुटांवर 72 च्या आसपास. अशा विमानात शिल्लक ताकद मुळातच थोडी असते, आणि 28 अश्वशक्ती गेल्या की चढण निम्म्याहून कमी उरते. 914 पाच मिनिटांसाठीचे 115 अश्वशक्ती 8,000 फुटांपर्यंत आणि सलग 100 अश्वशक्ती 16,000 फुटांपर्यंत टिकवतं. कॉम्प्रेशन 9 ला 1 ठेवलेलं, वेस्टगेट संगणक सांभाळतो, इंधनाचा दाब एअरबॉक्सच्या (इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या डब्याच्या) दाबामागे चालतो, सगळं कारखान्यातूनच जुळवून आलेलं. 915 आयएस तर इंटरकूलरसह 141 अश्वशक्ती 15,000 फुटांपर्यंत देतं. 914 मध्ये इंधनाचे पंप विजेवर चालतात, त्यामुळे विजेच्या मांडणीवर इंजिनाचा जीव असतो. तिथे काटकसर करू नये.

चार आसनी, पूर्ण भरून उडणारं विमान असेल, तरी पारडं टर्बोकडे झुकतं. लँकेअर फोर-पी सारखी विमानं तर दाबाखालची केबिन आणि टर्बो धरूनच आखलेली आहेत. तिथे साधं इंजिन लावणं म्हणजे आखणीच मोडणं.

या मालकांनी एक वाट मोकळी ठेवली आहे. किट बनवणाऱ्यांनी कधी टर्बोसह संपूर्ण मांडणी स्वतः तपासून दिली, जमिनीवरची कंपन-चाचणी आणि हवेतली फ्लटर-चाचणी करून व्हीएनई नव्याने जाहीर केली, आणि चढणीतली सिलिंडर हेडची तापमानं प्रसिद्ध केली, तर हा हिशेब पुन्हा मांडायचा. त्यात पहिला आकडा विचारायचा तो नव्या व्हीएनईचा, आणि ती ट्रू एअरस्पीडमध्ये आहे की इंडिकेटेडमध्ये, तो.